दिरहॅम सव्वादोन रुपयांचा होता तेव्हा बरं होतं की आता?

कातळसडा (दापोली)
गणपतीत पडवीवर पत्ते रंगले होते, तेवढ्यात पुतण्याने मोबाईलवरचा तोच जुनापुराणा मेसेज मोठ्याने वाचला : ‘१९४७ साली १ रुपया = १ डॉलर’. साफ खोटं आहे हे. तेव्हा रुपया पौंडाला बांधलेला होता. १३ रुपये ५ आणे ४ पै म्हणजे एक पौंड, आणि त्या हिशेबाने डॉलर सव्वातीन रुपयांच्या वरच. १९४९ ला पौंड पडला, त्याचं शेपूट धरून आपणही पडलो, डॉलर ४.७६ झाला. १९६६ च्या जूनमध्ये एका रात्रीत ७.५०.

पण धागा काढलाय तो आखातासाठी. बाबांचं पासबुक समोर आहे. मार्च १९८१, ६०० दिरहॅमचा ड्राफ्ट, जमा १,३५० रुपये. म्हणजे दिरहॅम सव्वादोनला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलाने १,५०० दिरहॅम पाठवले, जमा ३३,९००. घरात सगळे खूश, ‘रेट काय लागलाय!’ मी सोन्यात मोजलं. ८१ साली तोळा दोन हजारांच्या आत होता, २०२२ ला पन्नास हजारांच्या वर. अडीचपट दिरहॅम पाठवून सोनं बाबांच्याएवढंसुद्धा येत नाही. रुपया पडला की कोकणाची चांदी, हे बोलणं आता बंद करा.

खाडीपलीकडे (खेड)
कातळसडा, सोन्याने मोजलंत तिथेच फसलात. दिरहॅम डॉलरला बांधलेला, कित्येक दशकं ३.६७ वरच. ८१ च्या मार्चमध्ये औंसभर सोनं ५०० डॉलरच्या आसपास होतं, २०२२ ला साडेसोळाशेच्या. तुमच्या बाबांनी ते ६०० दिरहॅम दुबईतच सोनाराला दिले असते तर दहा ग्रॅम मिळालं असतं. मुलाला १,५०० मध्ये साडेसात. यात रुपया आला कुठे? महाग सोनं झालं, शिव्या रुपयाला.

आणि पासबुकातला दर तेव्हा खरा होता असं कोण म्हणतं? आमचे चाचा तेव्हा शारजात होते. बँकेचा ड्राफ्ट घरी कधीच आला नाही. पत्रातून अर्धी फाडलेली एक रुपयाची नोट यायची, आणि चार-सहा दिवसांनी मगरिबच्या, म्हणजे सांजेच्या नमाजाच्या, सुमारास एक माणूस उरलेली अर्धी आणि चाचांचे पैसे घेऊन दारात उभा. अम्मी दोन्ही तुकडे जुळवून बघायच्या, मगच त्याला पाणी विचारायच्या. दर बँकेपेक्षा बरा. बेकायदाच होतं, लपवत नाही. पण गावात घरं उठली ती त्या दराने. ९१ ला रुपयाचं अवमूल्यन झालं, ९३ ला दर बाजारावर सोडला, तेव्हा कुठे बँकेचा दर खऱ्याच्या जवळ आला.

कातळसडा
हवाल्याचं समर्थन करू नका. त्याच वाटेने सोनं उतरत होतं आपल्या बंदरांत.

खाडीपलीकडे
उतरणारच. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने इथे सोनं दुबईपेक्षा महाग करून ठेवलं होतं. ९० ला कायदा गेला. तुमचा ‘तोळा दोन हजारांच्या आत’ हा भावसुद्धा त्या कायद्याचाच, तेव्हा तुमचं माप दोन्हीकडून वाकडं.

नोटवाला (राजापूर)
तुम्ही दोघंही ८१ पासून सुरुवात करताय. आमचे आजोबा बहरीनला होते तेव्हा दर नावाची भानगडच नव्हती, तिथे आपला रुपयाच चालायचा. त्या नोटा देऊन सोनं घ्यायचे, नोटा फिरून रिझर्व्ह बँकेकडे यायच्या आणि तिला बदल्यात पौंड मोजावे लागायचे. म्हणून १९५९ मध्ये आखातापुरत्या वेगळ्या नोटा काढल्या. दहाची तांबडी, आकड्याआधी इंग्रजी झेड. आजोबांनी एक ठेवली होती, पोथीच्या फडक्यात. १९६१ ला कुवेतने दिनार आणला, तो १३ रुपये ३३ पैशांचा. ६६ ला आपण रुपया पाडला आणि तोच दिनार २१ चा झाला. दुबई-कतारने त्याच वर्षी रुपया सोडला, ओमानने सत्तरला. माझ्या मते नुकसान ते. शेजाऱ्याच्या गल्ल्यात आपली नोट होती, ती आपणच घालवली.

खाडीपलीकडे
ओमान-दुबईवाल्यांनी आपल्यासाठी ६६ चा फटका खात बसायचं होतं का?

हापूस_देवगड
रुपया पडला की निर्यातवाल्याची मजा, असं इथे अजून कुणी लिहिलं नाही म्हणून मीच लिहितो आणि मीच खोडतो. रुपया उतरला की पहिला फोन दुबईच्या व्यापाऱ्याचा, ‘भाई, अब तो रेट कम करो’. त्यालाही मोबाईलवर दर दिसतो. पेटीमागे वाढलेले चार पैसे तो काढून घेतो, आणि फवारणीची औषधं, डिझेल, पुठ्ठ्याचे खोके इथे महाग होतात ते आमच्या डोक्यावर. कातळसडांशी सहमत, पण त्यांचं सोन्याचं गणित मलाही पटलं नाही.

आगोटी (वेंगुर्ला)
माका इतक्याच कळता. घोव शारजात. रेट वाढाक लागलो की तो म्हयनोभर थांबता, ‘अजून वाढतलो’ म्हणान. हय वाण्याचो उधार थांबणा नाय.

हापूस_देवगड
😄 वयनी, एकच नंबर.

कातळसडा
सोनं सोडलं, ठीक. चिऱ्यांत, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडांत, मोजू. बाबांनी दोन ड्राफ्टांत पुढची पडवी बांधली, खाणीच्या पावत्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. मुलाला साधी गडग्याची, कुंपणाच्या दगडी बांधाची, डागडुजी करायची तर तीन महिने पाठवावं लागतंय. रविवारी ट्रंक उघडतो आणि शेकड्याचे भाव टाकतो.

खाडीपलीकडे
टाका. गवंड्याची रोजची मजुरीही टाका, तेव्हाची आणि आताची. आणि बाबांचा तिथला पगार किती होता, मुलाचा किती, हेही. ६०० पाठवून त्यांच्या हातात काय उरत होतं ते पासबुकात दिसत नाही.