डीव्हीआर ब्राउझरमध्ये दिसत नाहीये, सारखं प्लगिन मागतोय, काय करू?

डोंबिवलीचा_सेक्रेटरी
नमस्कार मंडळी. आमची २४ फ्लॅटची सोसायटी. २०१४ ला आठ कॅमेरे आणि डीव्हीआर (त्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) बसवला, तेव्हापासून ऑफिसातल्या विंडोज ७ च्या पीसीवर इंटरनेट एक्सप्लोरर उघडून डीव्हीआरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) टाकला की आठही चौकोन दिसायचे, कधी कटकट नाही. तो पीसी दिवाळीत गेला. आता माझ्या नवीन लॅपटॉपवर, विंडोज ११ आहे, तोच आयपी क्रोममध्ये टाकला तर लॉगिन होतं, वरची बटणं येतात आणि व्हिडिओच्या जागी नुसता करडा चौकोन, मधे एक ओळ की प्लगिन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) इन्स्टॉल करा. क्लिक केलं, फाइल उतरली, इन्स्टॉल केली, ब्राउझर बंद करून उघडला, परत तीच ओळ! चार वेळा झालं. फायरफॉक्सची तीच रड. काल रात्री पार्किंगमधून बी विंगच्या मुलाची सायकल गेलीये, त्याची आई सकाळपासून दोनदा येऊन गेली. आणि ज्याने कॅमेरे बसवले तो म्हणतोय सिस्टिम जुनी झाली, वायरिंगसकट सगळं बदला, ६५ हजार. कमिटीला काय सांगू?

खटपट्या
अहो साहेब, डीव्हीआरच्या मागे एचडीएमआय नाहीतर व्हीजीए असेलच ना, घरातला टीव्ही नि एक यूएसबी माऊस लावा, ब्राउझरची भानगडच नको. पेन ड्राइव्ह खुपसून क्लिप काढून घ्या. आणि जे करायचं ते आजउद्या करा, डिस्क भरली की जुन्या रेकॉर्डिंगवर नवीन चढतं, मग बसा बोंबलत.

डोंबिवलीचा_सेक्रेटरी
डीव्हीआर मीटर रूमच्या माळ्यावर लोखंडी पेटीत आहे आणि पेटीची किल्ली मागच्या सेक्रेटरींकडे, ते मुलाकडे पुण्याला गेलेत 🙏 लॅपटॉपवरून काही होत असेल तर सांगा.

जुनं_खोड
प्लगिन बसलंय हो नीट, पण क्रोम त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणून शंभर वेळा इन्स्टॉल केलंत तरी तीच ओळ येणार.

एकेकाळी ब्राउझरला स्वतःहून व्हिडिओ चालवताच यायचा नाही, म्हणून फ्लॅश, सिल्व्हरलाइट, क्विकटाइम असे बाहेरचे लोक आत घ्यावे लागायचे. डीव्हीआरवाल्यांनीही आपापलं प्लगिन काढलं, आयई म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररसाठी ॲक्टिव्हएक्स पद्धतीचं आणि बाकीच्यांसाठी एनपीएपीआय पद्धतीचं, जी पार नेटस्केप ह्या जुन्या ब्राउझरच्या जमान्यातली. ह्या प्लगिनला जवळपास अख्ख्या कॉम्प्युटरवर हात टाकता यायचा, क्रॅश व्हायचं ते वेगळंच. मग एचटीएमएल ५ मध्ये, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेच्या नव्या आवृत्तीत, व्हिडिओचा टॅगच आला आणि पाहुण्यांची गरज संपली. यूट्यूबने जानेवारी २०१५ मध्ये फ्लॅश सोडून एचटीएमएल ५ चा प्लेअर डिफॉल्ट केला, आपल्याला कळलंसुद्धा नाही. त्याच सप्टेंबरात क्रोम ४५ ने एनपीएपीआय उपटून टाकलं, मार्च २०१७ ला फायरफॉक्स ५२ ने फक्त फ्लॅश ठेवून बाकी सगळं काढलं, आणि फ्लॅशचा सपोर्ट अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला थांबवला. म्हणजे तुमचा डीव्हीआर भिंतीवर चढला आणि वर्षभरात क्रोमचं दार बंद झालं! वेबसाइटवाल्यांनी आपली पानं बदलली, पण तुमचं पान डीव्हीआरच्या फर्मवेअरमध्ये (डब्यातल्याच सॉफ्टवेअरमध्ये) बसलंय, ते कंपनीने अपडेट दिला तरच बदलणार आणि दहा वर्षांच्या मालाला अपडेट कोण देतोय. तुमचा जुना पीसी चालला तो निव्वळ आयईवर, आणि विंडोज १० वर त्या आयईचा कारभारही १५ जून २०२२ ला आटोपला. विंडोज ११ मध्ये तर तो स्वतंत्र येतच नाही.

पण त्याचं भूत एजमध्ये, म्हणजे विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये, आहे. एजच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट ब्राउझर, तिथे इंटरनेट एक्सप्लोरर मोडमध्ये रीलोड करू द्या असा पर्याय असतो, तो चालू करा, एज रीस्टार्ट करा, आयपी टाका, मग तीन टिंबांच्या मेनूतून त्या मोडमध्ये रीलोड करा. प्लगिन बसेना तर एजवर राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. त्याच सेटिंगमध्ये ह्या मोडच्या पानांची यादी असते, त्यात टाकलेलं पान ३० दिवसांनी आपोआप उडतं, तेव्हा पुढच्या महिन्यात परत इथे येऊन ओरडू नका 😄

रात्रपाळी
खोडकाकांचं बरोबर आहे, पण हे सोसायटीच्या वायफायवर बसूनच करा. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलं असेल, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून डीव्हीआरपर्यंत यायला दार उघडं ठेवलं असेल, तर आधी ते बंद करा आणि पासवर्ड अजून ॲडमिन असेल तर तोही बदला. २०१६ मध्ये मिराई नावाचा बॉटनेट (हॅकरच्या ताब्यातल्या उपकरणांची फौज) आला होता तो असल्याच डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांमध्ये कंपनीने दिलेले पासवर्ड टाकून घुसायचा, त्यातूनच ऑक्टोबरात वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स सगळं अडखळलं. प्लगिनची फाइल पण डीव्हीआरच्याच पानावरून घ्या, गूगलवर शोधून कुठल्यातरी साइटवरून नको.

नुसतं लाइव्ह बघायचं असेल तर व्हीएलसी ह्या व्हिडिओ प्लेअरमध्ये कंट्रोल एन दाबून डीव्हीआरचा आरटीएसपीचा (लाइव्ह व्हिडिओ पाठवायच्या पद्धतीचा) पत्ता टाका, पोर्ट बहुतेक ५५४, पुढचा भाग कंपनीप्रमाणे बदलतो, मॅन्युअलमध्ये मिळेल. क्रोमला आरटीएसपी कळत नाही, व्हीएलसीला कळतं.

केबलवाला_कल्याण
मी हेच काम करतो म्हणून सांगतो, वायरिंगला हात लावू नका. कोॲक्सियल केबल शाबूत असेल तर कॅमेरे तसेच ठेवून फक्त रेकॉर्डर बदलता येतो, आजचे बरेचसे रेकॉर्डर जुने ॲनालॉग कॅमेरे घेतात. घेताना दुकानात लॅपटॉप न्या आणि क्रोममध्ये प्लगिनशिवाय लाइव्ह आणि प्लेबॅक दोन्ही तिथेच चालवून बघा, 'हो साहेब चालतं' वर जाऊ नका. एच.२६५ ह्या व्हिडिओ फॉरमॅटला चित्र काळं आलं तर सबस्ट्रीम (कॅमेऱ्याचं हलकं, कमी दर्जाचं चित्र) जुन्या एच.२६४ वर ठेवा, ते सगळीकडे चालतं.

डोंबिवलीचा_सेक्रेटरी
आलं!! एज ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्यावर आठही चौकोन आले, वॉचमन काका पण बघायला आत आले. पण रात्री ११ ते १ शोधलं तर सायकल जागच्या जागी उभी, अर्धा तास डोकं खाजवलं, मग कळलं डीव्हीआरचं घड्याळच ४७ मिनिटं पुढे आहे. १ वाजून ३२ मिनिटांच्या फ्रेमला सायकल सापडली, म्हणजे खरे पाऊण. क्लिप उतरवली. आता त्या ताईंना व्हॉट्सॲपवर पाठवली तर त्यांच्या मोबाइलवर उघडतच नाहीये, एक्स्टेन्शन काहीतरी विचित्र आहे. आणि हो, राउटरमध्ये पोर्ट ८० सताड उघडा होता, केला बंद.

रात्रपाळी
तो कंपनीचा स्वतःचा फॉरमॅट असतो. आधी व्हीएलसीने उघडून बघा, नाहीतर त्यांच्या प्लेअरमध्ये उघडून एमपी४ म्हणून सेव्ह करा. मूळ फाइल मात्र डिलीट करू नका, आणि पोलिसांकडे गेलात तर घड्याळाचा ४७ मिनिटांचा फरक अर्जातच लिहा.