सायलेन्सर बदलताय? मग आधी उष्णतेचा बंदोबस्त करा

रामबागवाला

इंदुरात टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेल्या गाड्या घेणारी मंडळी आता बरीच झाली आहेत. पोलो, ऑक्टेव्हिया आरएस, आय-ट्वेंटी एन लाइन, आणि ज्यांना झेपतं त्यांच्याकडे पोर्शे. गाडी घरी आली की पहिला हात सायलेन्सरला लागतो. त्याला माझा विरोध नाही. पण डाऊनपाइपवर (टर्बोतून गॅस बाहेर नेणारी पहिली नळी) लाख-दीड लाख घालणारा माणूस हीट शील्डवर (उष्णता अडवणारा पत्रा) दमडी खर्च करत नाही, आणि हे मला अजिबात पटत नाही.

फुल थ्रॉटलला टर्बोच्या तोंडाशी पेट्रोल इंजिनाचा गॅस ९०० अंशांच्या वर जातो. टर्बाइन, म्हणजे टर्बोचा गॅसवर फिरणारा पंखा, ओलांडल्यावर थोडा निवतो, तरी डाऊनपाइप सणसणून तापतोच. कंपनीने म्हणून त्याच्याभोवती पत्र्याचे कवच दिलेले असते, फ्लोअरच्या खाली नक्षीदार ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. तीन इंची पाइप आला की हे कवच बसत नाही. मग ते कापतात, नाहीतर काढून ठेवतात.

एका मित्राची गाडी लिफ्टवर होती तेव्हा मी खाली उभा राहून पाहिलं. ऑक्सिजन सेन्सरच्या वायरवरची जाळी बोटाने दाबली तर तिचा चुरा झाला. स्टिअरिंग रॅकचं रबरी बूट एका बाजूने चकाकत होतं, म्हणजे रबर भाजायला लागलं होतं. मूळ शील्ड कोपऱ्यात पडलेलं, बोल्टची भोकं कापलेली.

पृष्ठभागाचं तापमान वाढलं की त्यातून बाहेर पडणारी उष्णता त्याच प्रमाणात वाढत नाही, निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातात वाढते. पाइप ४०० अंशांवरून ६०० अंशांवर गेला तर आसपासच्या भागांवर जवळपास तिप्पट मारा होतो. त्यात मे महिन्यातलं आपलं ४३ अंशांचं ऊन, विजयनगर चौकात गाडी रांगतेय, खालून वारा नाही. कुठलंही गॅरेज असो, शील्डशिवाय डाऊनपाइप बसवूच नये. गिऱ्हाईक ‘नको’ म्हणालं तरी नाही.

टर्बोप्रेमी

भिया, तुम्ही रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे लावताय. उष्णता वाढते ती गॅस कोंडल्यामुळे. कंपनीचा डाऊनपाइप स्वस्तात बनवायचा असतो, आवाजाची मर्यादा पाळायची असते, कॅट (धूर स्वच्छ करणारी जाळीची डबी, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) दाटीवाटीची असते. टर्बाइननंतरच्या नळीतला दाब कमी केला तर टर्बो लवकर फिरतो, सिलिंडरमध्ये जुना गॅस कमी उरतो, आणि तितक्याच ताकदीला गॅसचं तापमान खाली येतं. म्हणजे मोकळा एक्झॉस्ट हाच उष्णतेचा बंदोबस्त आहे.

आणि इंदूरचंच बोलायचं तर आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर वर आहोत. हवेचा दाब इथे सहाएक टक्के कमी. उन्हाळ्यात १५ अंशांच्या जागी ४५ अंशांची हवा आत गेली की घनता आणखी नऊएक टक्क्यांनी घसरते. तेवढंच बूस्ट (हवेचा जादा दाब) द्यायला टर्बोला जास्त राबावं लागतं. मुंबईपेक्षा इथे मोकळ्या पाइपची गरज जास्त आहे, कमी नाही. शील्ड कापणारं गॅरेज वाईट, हे मान्य. म्हणून पाइपला दोष देऊ नका.

पीथमपूरकर

दोघांचंही अर्धं बरोबर आहे, पण टर्बोप्रेमींच्या एका शब्दावर मला थांबायचं आहे: ‘तितक्याच ताकदीला’. तितक्या ताकदीवर थांबतो कोण? डाऊनपाइप लावला की त्याच आठवड्यात स्टेज टू मॅप (इंजिनाच्या संगणकातला ताकद वाढवणारा प्रोग्रॅम) येतो. बूस्ट वाढतं, इंधन जास्त जळतं. जळलेल्या इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा सायलेन्सरमधून बाहेर जाते, म्हणजे ताकद वाढली की त्या नळीतून वाहणारी एकूण उष्णताही वाढली. गॅसचं तापमान थोडं उतरलं म्हणून पाइपशेजारची वायर वाचत नाही.

आता कॅट. तीन भाषांत पाट्या लावून सांगितलं तरी लोक कॅट काढतात. तिला काम सुरू करायला अडीचशे-तीनशे अंश लागतात, आणि हजार अंशांच्या आसपास आतली जाळी बाद व्हायला लागते. ट्यूनर इंजिन थंड ठेवायला मिश्रण गर्द करतात, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त सोडतात, न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं, कॅट वितळते, आणि मग ‘कॅट नाजूक असते’ असा निष्कर्ष निघतो. खरं कारण मॅप. कॅटमागच्या ऑक्सिजन सेन्सरला फसवणारा स्पेसर (मध्ये बसवायचा तुकडा) लावून डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा विझवता येतो, हवा स्वच्छ होत नाही. बीएस-६ या प्रदूषण-नियमांचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ला आला तेव्हापासून गाडीला रस्त्यावरच्या प्रत्यक्ष उत्सर्जनाचाही हिशेब द्यावा लागतो. पाइप मोकळा हवाच असेल तर २०० सेलची (दर चौरस इंचाला २०० छिद्रांची) चांगली कॅट घ्या.

रॅपबद्दल, म्हणजे पाइपवर गुंडाळायच्या उष्णतारोधक पट्टीबद्दल, कोणी बोललं नाही, पण सगळे तेच गुंडाळतात. साध्या पोलादी पाइपवर रॅप म्हणजे पावसाळ्यात ओली पट्टी बांधून ठेवणं. पाणी आत राहतं, पाइप आतल्या आत गंजतो, वेल्डजवळ तडा जातो. त्यावर इंजिन ऑइल गळलं तर पेट घेण्याचा धोका वेगळाच. स्टेनलेसवर रॅप चालतो, तोही नीट ताणून बांधलेला आणि दरवर्षी उघडून पाहिलेला. माझी पसंती पाइपवर आतून-बाहेरून सिरॅमिक कोटिंग, टर्बोवर ब्लँकेट, आणि वायर-बुटांच्या बाजूला शील्ड. शील्ड आणि पाइपमध्ये बोटभर हवा राहू द्या. चिकटून बसवलेलं शील्ड स्वतःच तापतं आणि उष्णता पुढे ढकलतं. मॅकलॅरेन एफ-वनच्या इंजिनकप्प्याला सोन्याचा वर्ख लावला होता तो दिखाव्यासाठी नाही, सोनं उष्णतेची किरणं परत फेकतं म्हणून. आपल्याला ॲल्युमिनियम पुरे.

लोकमान्यनगरची ताई

रामबागवाले दादा, तुमची कळकळ गाडीच्या वायरींबद्दल आहे. माझी माझ्या सासऱ्यांबद्दल आहे. त्यांची हृदयाची बायपास झालीय. समोरच्या गल्लीतली गाडी पहाटे सहाच्या आधी सुरू होते आणि खिडकीची काच थरथरते. निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, हे ज्यांना बूस्ट आणि अंशांचा हिशेब येतो त्यांना मी सांगायला नको.

शील्ड लावा, कोटिंग करा, हरकत नाही. पण ‘शील्ड लावलं की पाइप चालेल’ हा सूर मला मान्य नाही. शेजाऱ्याला त्रास देणारा पाइप थंड असला तरी चुकीचाच.

टर्बोप्रेमी

ताई, त्रास होत असेल तर तुमचं रागावणं रास्त आहे. पण सगळ्यांना एका मापाने मोजू नका. व्हॉल्व्हवाले (आत झडप असलेले) सायलेन्सर असतात, गल्लीत व्हॉल्व्ह बंद म्हणून आवाज कमी, बायपास रस्त्यावर उघडा. आणि रात्री अकराला पलासियावरून फटाके फोडत जातात त्या बहुतेक मोटरसायकली असतात. मोकळ्या पाइपची हौस पुरवायला आपल्या दाराशी नॅट्रॅक्ससारखा (पीथमपूरचं वाहन-चाचणी केंद्र) ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, पण सामान्य माणसाला तिथे सहज शिरता येत नाही. जागा द्या, मग रस्ता सोडायला सांगा.

पीथमपूरकर

व्हॉल्व्हचं एवढं सरळ नाही. थंड इंजिन सुरू झालं की कंपनीचा प्रोग्रॅम मुद्दाम ठिणगी उशिरा देतो आणि आयडल (उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग) वाढवतो, म्हणजे गरम गॅस कॅटपर्यंत जाऊन ती लवकर तापते. हे अर्धा-एक मिनिट चालतं. मूळ मफलर हा आवाज गिळतो. मोकळ्या पाइपमध्ये तोच पहाटे सगळ्या गल्लीला ऐकू जातो, आणि काही गाड्यांत नेमका त्याच वेळी व्हॉल्व्ह उघडा असतो. ताईंची काच थरथरते ती बहुधा यामुळे.

कोर्टाच्या पायरीवरून

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलाला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच अधोरेखित केलं. आवाज-प्रदूषणासाठी कलम १९०(२): १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय परवाना तीन महिने अपात्र. शील्ड नसलेल्या पाइपमुळे गाडी पेटली आणि बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर दावा नाकारायला त्यांच्या हातात आयतं कारण मिळतं.

रामबागवाला

ताई, तुमचा मुद्दा मी बाजूला सारत नाही. रेझोनेटर ठेवा, मागचा मफलर ठेवा, हे मी आता डाऊनपाइपच्या अटीतच धरतो. मधल्या पाइपात रेझोनेटर ठेवल्याने घोडे फारसे कमी होत नाहीत, घुमणारा आवाज मात्र बराच उतरतो.

टर्बोप्रेमी, वाद मोजमापाने मिटवू. तुमच्या पाइपजवळच्या बुटावर, वायरींच्या जुडग्यावर आणि फ्लोअरखाली तापमानाची रंग बदलणारी लेबलं चिकटवा. एकदा तापली की रंग परत येत नाही, म्हणून सगळ्यात जास्त किती तापलं ते कळतं. इन्फ्रारेड पिस्तुलावर विसंबू नका, चकचकीत स्टेनलेसवर ती तापमान फार कमी दाखवते. मानपूरचा घाट दुपारी चढा, मग लगेच शहरात येऊन पंधरा मिनिटं रांगेत उभे राहा. खरी परीक्षा चढावर नाही, गाडी थांबल्यावर असते. आणि जानापावला गेलात तर वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, कॅटखालचं गवत पेटतं.

टर्बोप्रेमी

लेबलं लावतो. शील्ड नसताना आणि लावल्यावर, दोन्ही आकडे इथेच टाकेन. कॅट माझी जागेवरच आहे, २०० सेलची. मॅप मात्र मी काढणार नाही, त्यावर आपलं जमणार नाही.

लोकमान्यनगरची ताई

तापमानाच्या आकड्यांशेजारी थंड गाडी सुरू केल्याचा आवाजही मोजून टाका. सकाळी, गल्लीत, समोरच्या घराच्या खिडकीपाशी उभं राहून.