टकळी, चरखा आणि विणकामाच्या सुया: तुमचे अनुभव लिहा

गोदाकाठ
माळ्यावरचा पेटी चरखा खाली काढला. झाकण उघडताच चातीच्या (सूत जिच्यावर पिळतं ती फिरती सळई) जुन्या तेलाचा वास आला आणि तेव्हाच ठरवलं की हा विषय इथे काढायचा. संभाजीनगरपासून उदगीरपर्यंत हातसूत आणि विणकाम करणारे बरेच आहेत, पण जो तो आपापल्या घरात. काय जमतं, काय नडतं, सगळं लिहा. शुद्धलेखन बघत बसू नका.

सुरुवात मी करते. नव्यानं कातणाऱ्याला वाटतं, हाताला वळण नाही म्हणून सूत तुटतं. मला हे मुळीच पटत नाही. बहुतेक वेळा दोष पेळूचा (पिंजलेल्या कापसाची कातायची वळी) असतो, नाहीतर हवेचा. तुटलेलं टोक उजेडात धरून बघा. टोक फुललेलं, तंतू सरळ सुटलेले दिसले तर पीळ कमी पडला आणि तंतू एकमेकांवरून सटकले. टोक अणकुचीदार असेल आणि मागचं सूत स्वतःभोवतीच वेटोळं घेत असेल तर पीळ जास्त झाला. टोकापाशी बारीक गाठ किंवा काळा ठिपका असेल तर तो सरकीच्या सालीचा तुकडा. तिथे हाताचा काही संबंध नाही, पिंजण नीट झालेली नाही.

दुसरं, पेळू ओढताना सूत चातीच्या टोकावरून तिरकं निघायला हवं, जवळजवळ चातीच्याच रेषेत. गुंडाळताना मात्र काटकोनात. हे दोन कोन हातात बसले की निम्मं काम झालं.

पांढरं सोनं परभणी
ताई, पेळूच्याही मागे जा, कापूस कुठला ते बघा. फरदडीचा कापूस कातायला घेऊच नका. पाण्यावर ओढत नेलेल्या झाडाच्या शेवटच्या बोंडांत तंतू कच्चा राहतो, बोटात घेऊन ओढला की तुटतो. शिवाय फरदड ठेवली की गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो, ते वेगळंच. कवडी, म्हणजे किडका, डागी कापूस, तोही नको. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा, सकाळचं दव वाळल्यावर वेचलेला कापूस घ्या.

देशी वाण मिळाला तर उत्तमच. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचा पीए २५५, म्हणजे परभणी तुराब, देशी असूनही लांब धाग्याचा आहे. बाकी बऱ्याच देशी कापसाचा धागा आखूड, त्याला पीळ जास्त द्यावा लागतो आणि पेळू जरा हळू ओढावा लागतो. संकरित कापूस लांब असतो, त्यामुळे शिकायला सोपा.

माजलगावची सून
गादीवाल्याकडचा पिंजलेला कापूस चालेल का? घरात तोच पडलाय

पांढरं सोनं परभणी
नाही हो. त्यात आखूड तंतू आणि गुठळ्या फार. वाती वळा त्याच्या. कातायचं तर सरकीसकट कापूस आणा आणि घरीच सरकी काढा: गुळगुळीत पाट, त्यावर बोटभर कापूस, त्यावर लोखंडी सळई. तळव्यांनी दाब देऊन सळई पुढे लोटली की सरकी टपकन बाहेर येते. कापूस आधी तासभर उन्हात ठेवला की सोपं जातं.

चात आणि खळ
लई दिवसांनी कामाचा विषय निघाला बगा. लोकरीचं मी सांगतो. आमच्याकडं भूम-परांड्याच्या बाजूला दख्खनी मेंढीची काळी लोकर. ती घोंगड्याची लोकर हाय, अंगालगतच्या कपड्याची न्हवं. तंतू जाड, राठ, टोचतोच. शहरातली माणसं तिचा स्वेटर विणायला बगतात आन् मग म्हणतात खाजायलंय. खाजणारच की. मऊ पायजे तर कोकराची पहिली कातरण घ्या. ती येगळी ठेवायची, मोठ्या मेंढीच्या लोकरीत मिसळायची न्हाई.

धुताना कोमट पाणी आन् रिठा. चोळायचं न्हाई, पिळायचं न्हाई, नुसतं दाबायचं. गरम पाण्यातनं एकदम गार पाण्यात टाकली की लोकर गच्च बसते, मग कातायला उकलत न्हाई. घोंगड्याच्या ताण्याला, म्हंजी मागावरच्या उभ्या तारांना, चिंचोक्याची खळ लावतेत. चिंचोके भाजून टरफल काढायचं, भिजवून वाटायचं, शिजवायचं. खळीशिवाय ताणा मागावर टिकत न्हाई, तंतू फिसकारतो आन् शेजारच्या ताराला चिकटतो.

गोदाकाठ
दादा, हे सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. खळीचं इतकं नीट कुणी सांगत नाही.

नांदेड वजिराबाद
खळ कापसाच्या ताण्यालाही लागते, फक्त तिथे तांदळाची किंवा मैद्याची. पातळ हवी, नाहीतर तार कडक होऊन मोडतात.

आमच्या नांदेडात मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तिरंगा तयार होतो, हे बाहेरच्या किती जणांना माहीत आहे? ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीपासून ध्वजसंहितेत यंत्रावरचं आणि पॉलिएस्टरचं कापडही चालतं. मला ते बरं वाटत नाही. ज्या हातांना झेंड्याच्या सुतानं काम दिलं त्या हातांचं पुढे काय, याचा विचार व्हायला हवा होता.

हिमरू
अगदी खरं.
विषयांतर होतंय, पण आमच्या हिमरूतही, म्हणजे संभाजीनगरच्या नक्षीदार कापडात, ताणा सुती आणि बाणा (आडवे तार) रेशमी असतो. सुती ताण्याला एकसारखं सूत लागतं. जाडबारीक असेल तर नक्षीच्या कडा सरळ येत नाहीत.

माजलगावची सून
मला विणायचंय हो, मागावर नाही. भाचीचा बाळंतविडा करायचाय. घरच्या हातसुताचं टोपडं-मोजे होतील का??

दोन सुया लातूर
होतील, छान होतील. पण एकेरी सूत सुईवर घेऊ नका. एकेरी सुतात पीळ एकाच दिशेचा असतो, त्यामुळे विणलेली पट्टी तिरकी पळते आणि धुतल्यावर आणखी तिरकी होते. दोन किंवा तीन पदर एकत्र करून उलट्या दिशेनं पीळ द्यायचा. कातताना चाक उजवीकडे फिरवलं असेल तर आता डावीकडे. पीळ निम्म्याच्या आसपास. लड हातात लोंबती धरा. ती सरळ राहिली तर पीळ बरोबर बसला. स्वतःभोवती फिरायला लागली तर कमी-जास्त करा.

हिशोब सांगते. खादीचा अंक म्हणजे एका किलोत १००० मीटरच्या किती गुंड्या (सुताच्या लडी) बसतात तो आकडा. १० अंकाची एक गुंडी बरोबर १०० ग्रॅम भरते. तिचे तीन पदर केले की साधारण ३३३ मीटर दोरा होतो, पिळात थोडा आटतो. टोपडं, मोजे आणि छोटं बिनबाह्यांचं झबलं त्यात बसतं. १० नंबरची सुई घ्या, म्हणजे ३.२५ मिलिमीटर.

खादी काका
फाळक्याचा (सूत गुंडाळून लड करायची चौकट) घेर १ मीटर असेल तर १००० फेरे म्हणजे गुंडी. जुन्या पद्धतीत ४ फुटांचे ६४० तार मोजत. दर १०० फेऱ्यांनी आडवा दोरा गुंफत जावा, मोजणी चुकत नाही आणि लड धुताना गुंता होत नाही. हा दोरा सैल बांधा. घट्ट बांधलात तर त्याखालचं सूत पाणी पीत नाही आणि तिथे पिवळा पट्टा राहतो.

माजलगावची सून
काका धुवायचं विणायच्या आधी का नंतर

खादी काका
आधी. नुसतं धुवायचं नाही, उकळायचं. १०० ग्रॅम सुताला चमचाभर धुण्याचा सोडा, थोडा साबण, सूत बुडून वर राहील इतकं पाणी, अर्धा ते पाऊण तास. पाणी तपकिरी होतं, घाबरू नका, कापसाच्या अंगचं मेण निघतं. त्यानं सूत आटायचं तेवढं आधीच आटतं, पीळ बसतो आणि बाळाच्या लाळेचा ओलावाही टिपला जातो. न उकळलेलं सूत पाणी ओढत नाही. मग स्वच्छ पाण्यानं खळबळून सावलीत वाळवा, खाली हलकं वजन बांधून.

सेलू
आमच्याकडे कापूस वेचायला माणूस मिळेना, वेचणीचे दर परवडेनात. तुम्ही सूत काय कातता

पांढरं सोनं परभणी
सेलूकर दादा, तुमचं दुखणं समजतं. आमच्या शेजारीही तेच चाललंय. घरच्यापुरत्या सुताला मात्र दोन-तीन किलो कापूस पुरे, तेवढा घरच्या माणसांनी वेचता येतो.

सेलू
ते खरंय. या वर्षी वेगळा काढून ठेवतो. तुराबचं बी बघायला पाहिजे.

तिळगूळ जालना
सुयांचा नंबर उलटा असतो हे नव्या लोकांना कुणीतरी सांगा! दुकानात मोठा नंबर मागतात आणि बारीक सुई घेऊन येतात. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत ८ म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे ३.२५. गोल सुयांवर बऱ्याचदा नुसते मिलिमीटर छापलेले असतात, तेच बघून घ्या.

आणि दुकानात 'लोकर' म्हणून मिळते ती बहुधा ॲक्रिलिक. वीतभर तुकडा जाळून बघा. खरी लोकर केस जळल्याचा वास देते आणि राख बोटात चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि कडक काळा मणी उरतो. बाळाला ॲक्रिलिक घालायचंच असेल तर चुलीपासून, दिव्यापासून लांब. ते वितळून कातडीला चिकटतं.

माजलगावची सून
बापरे हे माहीत नव्हतं. टोपड्याला टाके किती घालू?

दोन सुया लातूर
आधी १२ सेंटिमीटरचा चौकोन विणा, उकळलेल्याच सुताचा, आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये टाके मोजा. समजा २६ आले. जन्मलेल्या बाळाचं डोकं ३४-३५ सेंटिमीटर. लोकर ताणते म्हणून लोकरीत ३ सेंटिमीटर कमी धरतात: ३२ गुणिले २.६, म्हणजे ८३, दोन सुलट दोन उलट काठासाठी ४ नं भाग जाणारे ८४. कापूस ताणत नाही आणि ताणला तर परत येत नाही. म्हणून हातसुताला पूर्ण ३५ धरा: ९१, म्हणजे ९२ टाके.

टाके घालताना एक जाड सुई वापरा, ८ नंबरची, आणि पहिल्या ओळीला १० वर या. सुरुवातीची ओळ घट्ट झाली तर टोपडं कपाळावर वळ उठवतं. कापसाचा काठ लवकर सैल पडतो, म्हणून बांधायला नाडी ठेवाच. पण हनुवटीखालची नाडी झोपताना सोडायची, हे घरातल्या सगळ्यांना सांगा.

चात आणि खळ
लोकरीला कसर लागू ने म्हणून कडुनिंबाचा वाळला पाला ठेवा आन् वर्षातनं दोनदा ऊन द्या. मळकी लोकर ठेवली की कसर आधी लागते. धुऊनच ठेवा.

किनवट
एक विचारू का? इकडे मार्च लागला की सूत सारखं तुटायलंय. जानेवारीत त्याच पेळूनं नीट चाललं होतं.

गोदाकाठ
हेच मी वर हवेचं म्हणत होते. आपला उन्हाळा कोरडा. कापसाला ओलावा मिळाला की तो बळकट होतो, कोरड्या हवेत ठिसूळ. शिवाय तंतू एकमेकांना दूर लोटतात आणि पेळू फुगतो. पहाटे काता, सूर्य वर यायच्या आत. दुपारीच वेळ मिळत असेल तर माठाजवळ बसा, पेळूंच्या डब्यावर घट्ट पिळलेलं ओलं फडकं टाका, फडकं पेळूला टेकू देऊ नका. कूलर खोलीत चालला तर चांगलाच, पण त्याचा झोत अंगावर नको, पेळू उडतो. लोकरीला मात्र फार ओल चालत नाही, ती ओली झाली की उलट कमजोर होते.

पेळू वीतभर लांब, करंगळीएवढा जाड, आणि सैल लाटलेला असावा. घट्ट लाटला तर तंतू सुटत नाहीत, गठ्ठ्यानं येतात. तिथेच जाड गाठ पडते आणि तिच्या पुढचं बारीक सूत तुटतं.

नांदेड वजिराबाद
टकळी सुरू करणाऱ्यांनी चकतीचं वजन बघा. जड टकळी बारीक सूत तोडते. आणि खालचं टोक वाटीत किंवा करवंटीत टेकवून फिरवा, म्हणजे सुतावर तिचा भार येत नाही.

किनवट
फडक्याचं आज करून बघतो. अजून एक, माझ्या चरख्याची माळ (चाकावरून चाती फिरवणारी दोरी) घसरते. चाक फिरतं, चाती थांबते. तेल जास्त झालं का?

खादी काका
तेल चातीच्या टेकूला, तेही एकच थेंब. माळेला तेल लागलं असेल तर ती बदला, पुसून भागत नाही. नवी माळ सुताचे पदर पिळून करा, गाठ बारीक ठेवा. जाड गाठ प्रत्येक फेऱ्याला उडी मारते आणि सुतात ठराविक अंतरावर कच्चा भाग येतो. माळ तयार झाली की तिच्यावर मेण घासा. तरी घसरली तर चिमूटभर राळेची पूड. आणि पेटी मिटताना माळ सैल करून ठेवा, ताणून ठेवली की ती लांबते.

किनवट
गाठ जाड आहे, आत्ताच बघितली. सोडतो.