स्वतः लिहिलेला ॲनालायझर व्हिज्युअल स्टुडिओत इशारा देतो, बिल्ड सर्व्हरवर देत नाही

प्रश्न:
आमची सी-शार्पमधील बिलिंग प्रणाली यूटीसी (भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ) लावलेल्या सर्व्हरवर चालते. १ एप्रिलला पहाटे २:१५ वाजता झालेले एक बिल ३१ मार्च, रात्री ८:४५ या वेळेने नोंदले गेले आणि थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसले. शोध घेतल्यावर ‘डेटटाइम.नाऊ’ (त्या संगणकावर लावलेली आत्ताची वेळ देणारी सोय) सापडले, ते वापरायचे नाही असे आमच्याकडे ठरलेले असूनही रिव्ह्यूमध्ये ते कोणाच्याच नजरेस पडले नव्हते. म्हणून मी रोझलिनचा, म्हणजे सी-शार्पच्या कंपायलरचा, ॲनालायझर (कोड तपासून इशारे देणारा जोड-प्रोग्राम) लिहिला आणि त्याचे व्हीएसआयएक्स एक्स्टेन्शन (व्हिज्युअल स्टुडिओची पुरवणी) सर्वांच्या संगणकांवर बसवले. एडिटरमध्ये हिरवी नागमोडी रेघ येते, पण बिल्ड सर्व्हरवर, म्हणजे सर्वांचा कोड एकत्र करून प्रोग्राम बांधणाऱ्या संगणकावर, तोच कोड बिनबोभाट पार होतो. ‘नाऊ’ आणि त्याच्या डावीकडे ‘डेटटाइम’ हा मजकूर दिसला की इशारा द्यावा, असा नियम मी लिहिला आहे. चूक कुठे होत असावी?

उत्तर १:
नियमाचा यात दोष नाही. एक्स्टेन्शन म्हणून बसवलेला ॲनालायझर एडिटरपुरताच चालतो. बिल्डच्या वेळी कंपायलरला त्याचा पत्ताच नसतो. त्याला तो प्रोजेक्टमधूनच मिळायला हवा. त्यासाठी नुगेट पॅकेज (डॉटनेटमध्ये तयार कोड वाटण्याची पद्धत) करावे, किंवा ॲनालायझर त्याच सोल्यूशनमध्ये असेल तर प्रोजेक्ट रेफरन्सवर ‘आउटपुटआयटमटाइप’ची किंमत ‘ॲनालायझर’ आणि ‘रेफरन्सआउटपुटअसेंब्ली’ची ‘फॉल्स’ ठेवावी. ॲनालायझरची डीएलएल (बांधून तयार झालेली फाइल) मात्र डॉटनेट स्टँडर्ड २.० साठीच बांधावी, कारण व्हिज्युअल स्टुडिओ स्वतः जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर चालतो आणि कमांड लाइनवरचा बिल्ड नव्या डॉटनेटवर, आणि तीच डीएलएल दोन्हीकडे उघडली गेली पाहिजे.

उत्तर २:
वरील उत्तर बरोबर आहे, पण नियमाचाही दोष आहेच. फाइलच्या सुरुवातीला कोणी ‘डेटटाइम’साठी ‘यूझिंग स्टॅटिक’ लिहिले की कोडमध्ये नुसते ‘नाऊ’ उरते आणि आपला नियम आंधळा होतो. मजकूर न पाहता सिम्बॉल, म्हणजे कंपायलरने त्या नावाचा लावलेला नेमका अर्थ, पाहावा: कंपायलेशन सुरू होताना ‘गेटटाइपबायमेटाडेटानेम’ने ‘सिस्टिम.डेटटाइम’ एकदाच शोधून ठेवावा आणि प्रत्येक प्रॉपर्टी रेफरन्स कोणत्या टाइपचा आहे हे ‘सिम्बॉलइक्वॅलिटीकंपेअरर’ने ताडून पाहावे. फक्त आजची तारीख देणारे ‘डेटटाइम.टुडे’ही त्याच नियमात घ्यावे. बिलाच्या बाबतीत मला तेच अधिक घातक वाटते, कारण त्यात वेळ नसल्यामुळे चुकलेली तारीख पाहून संशयही येत नाही.

उत्तर ३:
एवढ्यासाठी ॲनालायझर लिहिण्याची गरजच नव्हती, असे माझे स्पष्ट मत आहे. मायक्रोसॉफ्टचे ‘बॅन्डएपीआयॲनालायझर्स’ हे पॅकेज घ्यावे आणि ‘बॅन्डसिम्बॉल्स’ नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये एका ओळीत एक निषिद्ध सिम्बॉल लिहावा. अर्धविरामानंतर काय वापरावे याची सूचनाही देता येते. ही फाइल प्रोजेक्टमध्ये ‘ॲडिशनलफाइल्स’ म्हणून नोंदवली की आरएस००३० हा इशारा एडिटरमध्येही येतो आणि बिल्डमध्येही. स्वतःचा नियम तेव्हाच लिहावा, जेव्हा बंदी संदर्भावर अवलंबून असते किंवा दुरुस्तीही आपोआप सुचवायची असते.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. आम्हाला दुरुस्तीही सुचवायची असल्यामुळे ॲनालायझर ठेवला आणि त्याचे पॅकेज केले. पहिल्या बिल्डला सीएस९०५७ आला: मी रोझलिनच्या ज्या आवृत्तीवर ॲनालायझर बांधला होता, तिच्यापेक्षा सर्व्हरवरचा कंपायलर जुना निघाला. रोझलिनची जुनी आवृत्ती घेतल्यावर नियम लागू झाला आणि जुन्या कोडमधील इतक्या जागा उघड झाल्या की सगळा बिल्ड अडवणे शक्यच नव्हते. म्हणून ‘एडिटरकॉन्फिग’ या नियमांच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये जुन्या फोल्डरांसाठी हा नियम इशाऱ्यावर ठेवला आहे आणि बाकी सर्वत्र तो त्रुटी म्हणून बिल्ड थांबवतो. ‘टुडे’ही जोडले, पहिलाच इशारा बिलाची देय तारीख काढणाऱ्या ओळीवर आला.