उठलेली गावं: एका दिवसाची गाडीफेरी

सकाळी गाडी काढायची, ओस पडलेलं गाव पाहायचं, रात्री परत. अशी फेरी केली असेल तर लिहा. भुताखेतांच्या गोष्टी नकोत. काय दिसलं, कुठे फसलात ते सांगा. सुरुवात मीच करतो.

बोडी, कॅलिफोर्निया. सोन्यापायी वसलेलं. १८८०च्या सुमारास हजारोंची वस्ती होती, सोनं आटलं तशी पांगली. १९६२पासून सरकारी संरक्षणात आहे. शेवटचे ३ मैल कच्चा रस्ता, गाडीचा नुसता खुळखुळा. घरं चकाचक केलेली नाहीत, पडू नयेत एवढाच टेकू. काचेला नाक लावून आत बघायचं: शाळेतली बाकं, दुकानाच्या फळ्यांवरचे डबे, सगळ्यावर धूळ. इथलं काही उचललं की साडेसाती लागते म्हणे. लोकांनी परत पाठवलेल्या वस्तू आणि माफीची पत्रं संग्रहालयात आहेत. वाचून हसलो. डांबरी लागल्यावर मुलाच्या खिशातून गंजका खिळा निघाला. वळवली गाडी, पुन्हा ३ मैल खुळखुळा. तिथलं काही नेणं बेकायदा आहेच, पण मी काही कायद्याला भिऊन वळलो नव्हतो.

*

रायोलाइट, नेवाडा. तीन मजली बँकेचा सांगाडा आणि १९०६चं बाटल्यांचं घर. लाकडाची टंचाई, रिकाम्या बाटल्या मात्र ढिगानं. मग सुमारे ५०,००० बाटल्या मातीत रचून भिंती उभ्या केल्या. भर दुपारी गेलो, हा शुद्ध मूर्खपणा. सावली नावालाही नाही.

*

धनुष्कोडी, रामेश्वरजवळ. डिसेंबर १९६४च्या चक्रीवादळात गाव गेलं, प्रवाशांसकट रेल्वेगाडीही वाहून गेली. आता टोकापर्यंत डांबरी रस्ता आहे. चर्चच्या उरलेल्या भिंती प्रवाळाच्या दगडाच्या, हात फिरवला की खरखरीत छिद्रं लागतात. फोटो काढायला मोबाइल धरला तर समोरून कळशी घेतलेली बाई आली. कोळी राहतात तिथे! ‘ओसाड गाव’ अशी ओळ आधीच लिहून ठेवली होती, पुसली.

*

कुलधरा, जैसलमेरजवळ. दिवाणाच्या जाचामुळे इथले पालीवाल ब्राह्मण एका रात्रीत गाव सोडून गेले, हे वाटाड्यानं रंगवून सांगितलं. मला काही पटलं नाही. पाणी आटत गेलं आणि माणसं हळूहळू निघून गेली, हे जास्त खरं वाटतं. छपरं गेलीत, गल्ल्या मात्र अजून सरळ.

*

बोडीवाले, खिळा नक्की तिथलाच होता ना?

*

मुलगा अजून सांगत नाही.