मदत हवी आहे: डिस्टॉर्शन लावून स्लाइड वाजवताना गंधार फाटतो

नमस्कार मंडळी,

दोन महिने एकाच जागी अडकलोय, म्हणून धागा काढतोय. स्लाइड गिटार (बोटात नळी घालून ती तारांवर सरकवत वाजवतात ती) वाजवणारं कुणी असेल तर कृपया वेळ काढून वाचा.

सिंड्रेला हा फिलाडेल्फियाचा बँड. १९८६ च्या 'नाइट साँग्ज'वर फुगवलेले केस, चकचकीत कपडे, सगळा ग्लॅम मेटलचा थाट. पण १९८८ चा 'लाँग कोल्ड विंटर' लावलात की सुरुवातीलाच डोब्रोवरची (पोटात धातूची तबकडी असलेल्या गिटारवरची) स्लाइड ऐकू येते, आणि १९९० च्या 'हार्टब्रेक स्टेशन'वर तर ही मंडळी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लोकसंगीतात पुरती उतरलेली आहेत. ब्लूज, कंट्री, ब्रास, पेडल स्टील गिटार. शीर्षकगीतातली तंतुवाद्यं तर लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सने बसवली आहेत. बऱ्याच जणांना पहिला अल्बम जास्त आवडतो, मला मात्र हाच. कारण यातलं लोकसंगीत वरून लावलेलं वाटत नाही, गाण्याची चालच त्यातून निघते.

आमचा तिघांचा बँड याच वाटेने स्वतःची गाणी करतोय आणि स्लाइड माझ्याकडे आहे. मिसिसिपी डेल्टाच्या जुन्या ब्लूजमध्ये गायक ओळ अर्ध्यावर सोडतो आणि उरलेली ओळ तार पूर्ण करते, ते मला मोठ्या आवाजाच्या हार्ड रॉकमध्ये हवंय.

गिटार ओपन जीमध्ये लावली आहे. जाड तारेकडून बारीककडे डी, जी, डी, जी, बी, डी; म्हणजे आपल्या भाषेत प सा प सा ग प. अँप क्लीन असला की छान वाजतं. गेन, म्हणजे डिस्टॉर्शनची (आवाज फाटवण्याची) मात्रा, वाढवला की दोन गोष्टी बिघडतात. सगळ्या तारांवरून स्लाइड नेली की कॉर्ड गढूळ होतो, आत काहीतरी थरथरत राहतं. गंधाराची तार सोडून वाजवलं की लगेच स्वच्छ! दुसरं म्हणजे, ब्लूजमधला तो कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधला स्वर. पेटीवर तो नाहीच, पण गळ्यातून आणि स्लाइडमधून येतो. मी तिथे थांबायला गेलो की मागून किरकिर येते आणि स्वर झाकला जातो.

तारा दहाच्या आहेत (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच), स्लाइड काचेची, अनामिकेत घालतो. गेन कमी करा असं सगळेच सांगतात, पण तेवढ्याने गाण्यातला जोर जातो. दुसरा काही उपाय?

प्रतिसाद:
गंधाराची तार सोडल्यावर आवाज स्वच्छ होतो, हे तुम्ही बरोबर पकडलंय. ट्यूनर जो शुद्ध गंधार दाखवतो तो नैसर्गिक, म्हणजे सा शी तंतोतंत जुळणाऱ्या, गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). क्लीन आवाजात हे खपून जातं. डिस्टॉर्शन मात्र दोन स्वरांच्या फरकातून तिसरा स्वर तयार करतं. सा-प मधून निघणारा असा स्वर खालचा सा असतो, म्हणून पॉवर कॉर्ड (फक्त सा आणि प) एवढा भरदार वाजतो. चढ्या गंधारातून निघणारा स्वर सा वर बसत नाही, तीच तुमची थरथर. गेन चालू ठेवूनच बी तार हळूहळू उतरवा. थरथर मंदावत थांबेल, तिथे खुंटी सोडा. स्लाइड सगळ्या तारांवर सरळ पडते, त्यामुळे हे प्रत्येक फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) टिकतं. बोटांनी इतर कॉर्ड धराल तर ती तार बेसूर लागेल, म्हणून जमल्यास वेगळी गिटार ठेवा.

किरकिरीसाठी स्लाइड करंगळीत घाला. मोकळी बोटं स्लाइडच्या मागे तारांवर अलगद टेकवायची, दाबायची नाहीत. उजव्या हाताने नको त्या तारा झाकायच्या. आणि स्लाइड फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर हवी, मागे नको. दहाच्या तारा स्लाइडखाली दबून फ्रेटला लागतात. निदान अकराच्या घाला, ब्रिज (तारांखालची घोडी) किंचित उचला.

धागाकर्ता:
मनापासून आभार. काल रात्रीच बी तार उतरवून बघितली. पाचव्या फ्रेटवर सगळ्या तारा एकदम छेडल्या, गेन होता तसाच, आणि कॉर्ड पहिल्यांदा एकसंध वाजला. ड्रमरने वाजवणं थांबवून विचारलं, काय बदललंस?

करंगळीत स्लाइड अजून डळमळते, तारा या आठवड्यात बदलतो. एक राहिलं: मधल्या गंधारावर थांबताना हात हलवून कंप द्यायचा की स्वर सरळ धरायचा? कंप दिला की मी नकळत शुद्धाकडे सरकतो.

प्रतिसाद:
कंप द्या, पण आधी स्वर सरळ धरून कानाला पटू द्या. मग त्या जागेच्या खालच्या बाजूलाच हलवा आणि परत तिथेच या, वर जाऊ नका. आधी ती ओळ तोंडाने गा आणि गळा जिथे थांबेल तिथे स्लाइड न्या.