पुण्याची बाइक इंदूरला आणली, एमपी-०९ नंबर घ्यावाच लागतो का?

टिळकनगर_नवे
एमएच-१२ नंबरची १५० सीसी गाडी, २०२२ ची, कर्ज अजून चालू. बदली झाल्यामुळे इंदूरला आणली आहे. चौकात एकदा विचारणा झाली, "एनओसी (आरटीओचं ना-हरकत पत्र) कुठे?" नंबर कधीपर्यंत बदलायचा? मोबाइलवरचे कागद चालतात का? शिवाय घरी तीन आणि सहा वर्षांची दोन मुलं आहेत, त्यांना गाडीवर नेण्याचे नियम काय?

नायता_मुंडला_फेरी
नोंदणी एका राज्यात झाली की ती देशभर चालते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तरच नवा नंबर लागतो. तोवर एनओसी नाही म्हणून तुम्ही दोषी ठरत नाही. मात्र गाडी इथे कधी आली ते दाखवता आलं पाहिजे. रेल्वेने आणली असेल तर पार्सलची पावती, ट्रान्सपोर्टने आणली असेल तर बिल्टी जपून ठेवा.

बदलायचं ठरलं की आधी जुनी चलनं भरून टाका, एनओसी बहुतेक वेळा तिथेच अडते. मग परिवहन पोर्टलवर पुण्याच्या आरटीओकडे फॉर्म २८ चा, म्हणजे एनओसीचा अर्ज. त्यावर चासी नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा लागतो. गंज किंवा ग्रीस असेल तर ठसा पुसट येतो आणि अर्ज परत येतो, तेव्हा आधी रॉकेलच्या फडक्याने पुसून घ्या. कर्ज चालू आहे, म्हणजे फायनान्स कंपनीचं संमतिपत्रही हवं. ते मिळायला वेळ लागतो, म्हणून पहिला अर्ज तिथेच टाका.

इंदूरला फॉर्म २७ (नव्या नंबरचा अर्ज), इथल्या पत्त्याचा पुरावा, विमा, पीयूसी आणि मध्य प्रदेशचा आजीवन कर. नवी आरसी हातात आली की तिची प्रत जोडून पुण्यात उरलेल्या कराच्या परताव्याचा अर्ज करा. बरेच लोक हा टप्पा विसरतात आणि पैसे तिथेच राहतात.

टिळकनगर_नवे
गाडी चालवतच आणली, टोलची पावतीसुद्धा नाही.

नायता_मुंडला_फेरी
दुचाकीला टोल नसतो, मग पावती कुठून येणार! नोकरीवर रुजू झाल्याचं पत्र, भाडेकरार, पुण्यातल्या शेवटच्या सर्व्हिसिंगचं तारखेसह बिल, यांवर काम भागतं.

आयएसआय_आग्रही
मुलांबद्दल. कलम १२८ नुसार चालवणाऱ्यामागे एकच माणूस, आणि त्या कलमात मुलांसाठी सूट दिलेली नाही. "छोटा आहे, टाकीवर बसेल" हे कायद्यात बसत नाही. तुम्ही, पत्नी आणि मूल म्हणजे तिघं. कलम १९४सी मध्ये १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र. दोन्ही मुलांना शाळेत सोडायचं तर दोन फेऱ्या, नाहीतर रिक्षा.

सहा वर्षांच्याला पूर्ण हेल्मेट सक्तीचं, कारण कलम १२९ चार वर्षांवरच्या सगळ्यांना लागू आहे. तीन वर्षांच्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत वेगळा नियम आहे, १३८(७), फेब्रुवारी २०२३ पासून लागू: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याच्या अंगाशी जोडणारा पट्ट्यांचा हार्नेस, डोक्याला बसणारं हेल्मेट आणि वेग ताशी ४० किमीच्या आत. हार्नेस ३० किलो वजन पेलणारा असावा. ओढणीने बांधणं हा त्याला पर्याय नाही, झटक्यात गाठ सरकते.

हेल्मेटवर आयएस ४१५१ (हेल्मेटचं भारतीय मानक) आणि सीएम/एल (बनवणाऱ्याचा परवाना) क्रमांक बघा. तो क्रमांक बीआयएस केअर अॅपवर टाकला की बनवणाऱ्याचं नाव येतं. नाव जुळत नसेल तर स्टिकर खोटा. पट्टा न लावलेलं हेल्मेट कायद्याच्या लेखी घातलेलंच नाही. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्या. आतला थर्माकोल दबला की फुगून परत येत नाही.

पॉलिसी_वाचा
कागद मोबाइलवर चालतात, पण डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अॅपमधले. गॅलरीतला आरसीचा फोटो चालत नाही, आणि वाद बहुतेक याच कारणाने होतो.

तुमची गाडी २०२२ ची, म्हणजे सोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा आला असेल. पॉलिसीत दोन तारखा असतात. थर्ड पार्टीची २०२७ ची दिसते आणि माणूस निश्चिंत होतो. स्वतःच्या नुकसानीचं कव्हर बहुधा एकाच वर्षाचं असतं आणि केव्हाच संपलेलं असतं. पोलिसांना त्याचं देणंघेणं नाही, चोरी झाली की तुम्हाला कळतं. नंबर बदलल्यावर त्याच पॉलिसीवर नव्या नंबरची नोंद करून घ्या.

पीयूसी कोणत्याही राज्याची चालते. बीएस-६ (प्रदूषणाचं नवं मानक) गाडीला नोंदणीनंतर पहिलं वर्ष सूट, पुढे दर १२ महिन्यांनी.

नायता_मुंडला_फेरी
वर दिलेले दंड केंद्रीय कायद्यातले आहेत. जागच्या जागी भरायची तडजोड रक्कम राज्य ठरवतं, त्यामुळे इंदूरच्या चलनावर आकडा कमी दिसू शकतो. आणि व्हॉट्सअॅपवर "आरटीओ चलन" नावाची एपीके फाइल आली तर उघडू नका. चलन खरं आहे का, ते सरकारी ई-चलन पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे आकडे टाकून बघा.